मेणाचा बर्फ

पांढऱ्याशुभ्र, गोठलेल्या तळ्यावरून पार्टिझनांचे घोडेस्वार तलवारी उपसून दौडत निघतात. थिएटरात बसलेल्या माणसाला ते बघताना नकळत शाल आठवते. ‘डॉक्टर झिवागो’ या सिनेमातलं हे दृश्य चित्रित झालं ते स्पेनमध्ये, आणि तेही ऐन उन्हाळ्यात. तिथे तळं नव्हतंच. कोरड्या जमिनीवर लोखंडी पत्रे अंथरले होते आणि त्यांवर संगमरवराची भुकटी पसरली होती. कॅमेऱ्यासमोर लोकरीचे जाडजूड कोट आणि केसाळ टोप्या घालून जी माणसं थंडीशी झुंजत होती, ती आतून घामानं निथळत होती.

सगळा सिनेमाच असा परक्या जमिनीवर उभा राहिला आहे. कादंबरी रशियन, पण रशियात छापायला बंदी. दिग्दर्शक डेव्हिड लीन इंग्रज, निर्माता कार्लो पोंती इटालियन, नायक ओमर शरीफ इजिप्तचा, संगीतकार मॉरिस जार फ्रेंच आणि पैसा हॉलिवूडच्या एमजीएमचा. मॉस्को शहर उभं राहिलं माद्रिदच्या वेशीवर. उरल पर्वताकडे निघालेली आगगाडी धावली ती स्पेनच्या आणि फिनलंडच्या रुळांवर. रशियाची मूठभर मातीसुद्धा या सिनेमात नाही. तरीही क्रांतीच्या काळातला रशिया म्हटलं की जगातल्या कितीतरी माणसांच्या डोळ्यांसमोर आजही याच सिनेमातला रशिया येतो. बर्फात बुडालेलं घर, धुक्यातून येणारी काळी गाडी, केसाळ टोपीखालचे ज्युली ख्रिस्तीचे निळे डोळे.

22 डिसेंबर 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला, त्याला आता साठ वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात त्याला कुणी गोड, लांबलचक प्रेमकथा म्हणून बाजूला सारलं, तर कुणी डोक्यावर घेतलं. पण हा सिनेमा नीट कळायचा तर आधी त्या कादंबरीनं आणि ती लिहिणाऱ्या माणसानं काय सोसलं ते ठाऊक हवं. पडद्यावर जे विरहाचं दुःख दिसतं, त्याच्यामागे तुरुंगात गेलेली एक खरीखुरी बाई आहे.

*

बोरिस पास्तरनाक यांचा जन्म 1890 सालचा, मॉस्कोचा. वडील लिओनिद नामांकित चित्रकार. तोलस्तोयच्या ‘पुनरुत्थान’ कादंबरीची चित्रं त्यांनी काढली होती. आई रोझालिया पियानोवादक. 1910च्या नोव्हेंबरात तोलस्तोय अस्तापोवोच्या छोट्या रेल्वे स्टेशनात वारले, तेव्हा त्यांचं शेवटचं चित्र काढायला वडील गेले आणि वीस वर्षांचा बोरिसही बरोबर गेला. अशा घरातला मुलगा आधी संगीतरचना शिकला, मग जर्मनीत मारबुर्गला जाऊन तत्त्वज्ञान शिकला आणि शेवटी कवी झाला. 1922 साली ‘माझी बहीण – जीवन’ हा संग्रह आला आणि रशियन कवितेतलं त्यांचं स्थान पक्कं झालं. स्तालिनच्या काळात स्वतःचं लिहिणं धोक्याचं झालं तेव्हा त्यांनी शेक्सपिअर आणि ग्योटे रशियनमध्ये आणले, आणि त्यावर घर चालवलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांनी ‘डॉक्टर झिवागो’ ही कादंबरी हाती घेतली. ती पुरी व्हायला जवळजवळ दहा वर्षं लागली. 1946च्या शरद ऋतूत ‘नोव्ही मीर’ मासिकाच्या कचेरीत त्यांची ओल्गा इविन्स्काया या संपादक स्त्रीशी ओळख झाली. पास्तरनाक विवाहित होते, पन्नाशी ओलांडलेले होते. ओल्गा चौतीस वर्षांची, दोनदा विधवा झालेली, दोन मुलांची आई. कादंबरीची नायिका लारा पुढे या ओळखीवर वाढली.

1949च्या ऑक्टोबरात ओल्गाला अटक झाली. पास्तरनाकना हात लावणं सरकारला अवघड वाटत होतं, म्हणून त्यांच्या जवळच्या माणसाला उचललं. लुब्यांकाच्या तुरुंगात चौकशी सुरू असताना तिचं पोटातलं मूल गेलं. शिक्षा झाली पाच वर्षं श्रमछावणीची. स्तालिन गेल्यानंतर, 1953 साली ती सुटली आणि पुन्हा पास्तरनाकच्या कामात उभी राहिली. हस्तलिखितं टाइप करणं, संपादकांशी बोलणी करणं, सगळं तिच्याकडे होतं.

1956च्या मे महिन्यात मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनो गावात, लेखकांच्या वसाहतीतल्या घरी एक इटालियन तरुण आला. सेर्जिओ द’अँजेलो त्याचं नाव. मॉस्को रेडिओत नोकरी करणारा हा कम्युनिस्ट मिलानचा प्रकाशक फेल्त्रिनेल्ली याच्यासाठी नवी पुस्तकंही शोधत असे. पास्तरनाकनी घरातून हस्तलिखिताची बाडं आणून त्याच्या हातात ठेवली आणि निरोप देताना म्हणाले की, माझ्या वधाचं हे तुम्हाला आमंत्रण समजा. त्यात थट्टा थोडी आणि जाणीव जास्त होती. त्याच वर्षी ‘नोव्ही मीर’च्या संपादकांनी लांबलचक पत्र पाठवून कादंबरी नाकारली. क्रांतीनं लोकांचं भलं झालं हे या पुस्तकाला मान्यच नाही, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. 1957च्या नोव्हेंबरात मिलानमध्ये ती इटालियनमध्ये बाहेर पडली. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सीआयएनं तिची रशियन आवृत्ती गुपचूप छापवून घेतली आणि ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात व्हॅटिकनच्या दालनातून सोव्हिएत पाहुण्यांच्या हाती पोचवली. त्याची कागदपत्रं 2014 साली खुली झाली.

23 ऑक्टोबर 1958 रोजी नोबेल जाहीर झालं. पास्तरनाकनी आनंदाची तार केली. चार दिवसांत लेखक संघानं त्यांना काढून टाकलं, वर्तमानपत्रांतून शिव्यांचा भडिमार सुरू झाला, देशाबाहेर घालवण्याची भाषा झाली. सहाव्या दिवशी त्यांनी दुसरी तार केली आणि पारितोषिक नाकारलं. त्या दिवसांत भारतातूनही आवाज उठला. साहित्य अकादमीचे अध्यक्ष असलेले जवाहरलाल नेहरू पत्रकारांपुढे म्हणाले की, एखादा मोठा लेखक सत्तेच्या मताविरुद्ध बोलला तरी त्याचा मान राखला पाहिजे. सोव्हिएत मैत्रीच्या त्या ऐन बहरात हे बोलणं सोपं नव्हतं.

30 मे 1960 रोजी फुप्फुसाच्या कर्करोगानं पास्तरनाक गेले. अंत्यविधीची बातमी सरकारी वर्तमानपत्रांनी दिली नाही. मॉस्कोच्या कीव स्टेशनात कुणीतरी हातानं लिहिलेले कागद चिकटवले, आणि तेवढ्यावर शेकडो माणसं लोकलनं पेरेदेल्किनोला पोचली. घरात स्व्यातोस्लाव रिख्तर पियानो वाजवत होते. कबरीपाशी एका माणसानं झिवागोची ‘हॅम्लेट’ ही देशात न छापलेली कविता मोठ्यानं म्हटली, आणि गर्दीतल्या कितीतरी ओठांना ती पाठ होती. ऑगस्टमध्ये ओल्गाला पुन्हा पकडलं, आणि या वेळी तिच्या मुलीलाही. ओल्गा सुटली 1964 साली. त्याच वर्षी, 28 डिसेंबरला, स्पेनमध्ये लीनच्या कॅमेऱ्यानं ‘लारा’ची गोष्ट चित्रित करायला सुरुवात केली.

*

पोंतीनं हक्क घेतले तेव्हा त्याच्या मनात लारा म्हणून स्वतःची पत्नी सोफिया लॉरेन होती. लीननं नकार दिला. वकील कोमारोव्स्कीच्या जाळ्यात सापडते तेव्हा लारा सतरा वर्षांची कोवळी पोर आहे. लॉरेनच्या भरदार व्यक्तिमत्त्वात ती पोर प्रेक्षकाला दिसणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं निवडली ज्युली ख्रिस्ती. युरी झिवागोसाठी पीटर ओ’टूलला विचारलं होतं, तो नाही म्हणाला. ओमर शरीफनं लीनच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त काम केलं होतं. त्यानं पाशाची, म्हणजे लाराच्या नवऱ्याची भूमिका मागितली होती आणि हाती थेट नायकाची आली. कैरोच्या या देखण्या माणसाचा रशियन डॉक्टर करायला रंगभूषाकारांनी कपाळावरची केसांची रेघ तासून मागे नेली, कुरळे केस सरळ केले, डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीनं ताणल्या. आठ वर्षांचा युरी आईच्या दफनाला उभा असतो, तो मुलगा शरीफचाच, तारेक.

बाकीची निवडही तोलामोलाची होती. युरीची पत्नी तोन्या झाली चार्ली चॅप्लिनची मुलगी जेराल्डीन. कोमारोव्स्की रॉड स्टायगर. पाशा टॉम कोर्टने. तोन्याचे वडील राल्फ रिचर्डसन. युरीचा सावत्र भाऊ येवग्राफ अ‍ॅलेक गिनेस. पटकथा रॉबर्ट बोल्टची. शेकडो पानांत डझनावारी पात्रं, योगायोगांची गुंतवळ आणि मधेमधे लांब चिंतनं, असा हा ऐवज. बोल्टनं त्यातून सव्वातीन तासांची सरळ धार काढली. एक कवी, दोन स्त्रिया आणि त्यांच्यावरून धडधडत जाणारं युद्ध.

सोव्हिएत रशियात पाऊल ठेवायची सोय नव्हती. हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमध्ये मजूर आणि घोडे स्वस्त होते, आणि कास्तीयच्या पठारावर बर्फ पडेल अशी आशा होती. माद्रिदबाहेर कानियास इथे कलादिग्दर्शक जॉन बॉक्सनं मॉस्को बांधली. दुकानांच्या पाट्या असलेला लांब रुंद रस्ता, खरी धावणारी ट्राम, रस्त्याच्या टोकाला क्रेमलिन. घरांना केवळ दर्शनी भिंती नव्हत्या, काही घरांच्या आतल्या खोल्याही तयार होत्या. याच रस्त्यावर रात्री मोर्चाचं दृश्य झालं. जमावातल्या स्पॅनिश माणसांनी ‘इंटरनॅशनल’ हे कम्युनिस्टांचं क्रांतिगीत गायला सुरुवात केली, तेव्हा आसपासच्या वस्तीतले लोक जागे झाले आणि फ्रँको पडला असं समजून आनंद करू लागले, असं त्या चित्रीकरणाबद्दल सांगितलं जातं. पोलीसही तिथे हजर होते, आणि ते गाणं कोणाकोणाला पूर्ण येतं याची नोंद घेत होते.

बर्फानं मात्र दगा दिला. सोरिया प्रांतात त्या वर्षी हिवाळा कधी नव्हे इतका उबदार निघाला. वसंताच्या दृश्यासाठी हॉलंडहून हजारो डॅफोडिलचे कंद आणून लावले होते. ते जानेवारीतच फुटायला लागले, म्हणून उपटून कुंड्यांत घालून थंड जागी ठेवावे लागले. आगगाडीच्या लांबच्या प्रवासातली काही दृश्यं शेवटी फिनलंडमध्ये योएन्सूजवळ, सोव्हिएत सरहद्दीपासून फार दूर नसलेल्या भागात चित्रित करावी लागली. उरलेला हिवाळा बहुतेक संगमरवराच्या भुकटीचा.

त्यातलं सर्वांत विलक्षण काम म्हणजे वारिकिनोचं घर. युरी आणि लारा शेवटचे काही दिवस ज्या ओसाड वाड्यात काढतात, त्याच्या छतातून बर्फ आत शिरला आहे, झुंबरांवर, खुर्च्यांवर, जिन्यावर गोठून बसला आहे. हे घर सोरियाजवळ कांदिलिचेरा गावात उभारलं होतं आणि आतला बर्फ होता मेणाचा. वितळलेलं गरम मेण ओतायचं आणि लगेच गार पाणी मारायचं. मेण जागच्या जागी थिजतं, त्याला वळ्या आणि लोंबकळणारे सुळके फुटतात. वर चमक यायला बारीक भुकटी. छायालेखक फ्रेडी यंगच्या प्रकाशात ते घर एखाद्या परीकथेतल्या महालासारखं लखलखतं, आणि त्याच वेळी थडग्यासारखं दिसतं. लारा दार उघडून आत येते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी हरखून जाणं उमटतं आणि मग भीती. प्रेक्षकाच्या मनात नेमकं तेच होतं.

*

लीनला मोठ्या पडद्याचा दिग्दर्शक म्हणतात, पण या सिनेमाचं बळ त्याच्या लहान जागांत आहे.

मॉस्कोच्या रस्त्यावर नि:शस्त्र लोकांचा मोर्चा निघतो. हातात बॅनर, तोंडात गाणं. कोपऱ्यावर घोडेस्वार शिपाई रांगेत उभे राहतात, तलवारी म्यानातून निघतात. युरी वरच्या गच्चीतून बघतोय. हल्ला सुरू होतो आणि लीन कॅमेरा वळवून युरीच्या चेहऱ्यावर ठेवतो. खाली टापांचा आणि किंकाळ्यांचा आवाज चाललेला असतो; पडद्यावर मात्र त्या तरुण डॉक्टरचे विस्फारलेले डोळे आहेत. मग रिकामा रस्ता, बर्फावर रक्त, पडलेली वाद्यं. तलवार माणसाला लागताना जवळजवळ दिसतच नाही. त्या काळी भव्य सिनेमे हाणामारीसाठीच पैसा ओतत असत. लीननं तो सगळा खर्च करून शेवटी बघणाऱ्याची लाज आणि असहायता दाखवायचं ठरवलं. झिवागो हा माणूसच मुळात असा आहे. तो लढत नाही, घोषणा देत नाही, तो बघतो आणि लक्षात ठेवतो.

दुसरी जागा ट्राममधली. सुरुवातीला युरी आणि लारा एकाच ट्राममध्ये येतात. एकमेकांना ओळखत नाहीत. लारा त्याच्याजवळून पुढे जाताना तिचा स्पर्श त्याला होतो, तेवढ्यात वर विजेच्या तारेवर ठिणगी उडते. तीन तासांच्या गोष्टीचं बीज एका सेकंदात पेरलं जातं, तेही मॉस्कोच्या रोजच्या, साध्या ट्रामच्या तारेवर.

तिसरी जागा मेणबत्तीची. नाताळच्या रात्री लारा पाशाला आपली गोष्ट सांगते. कॅमेरा बाहेर, थंडीत. खिडकीच्या काचेवर दव गोठलंय. आत मेणबत्ती काचेजवळ येते आणि तिच्या उबेनं गोठलेल्या काचेत गोल भोक पडत जातं. त्या भोकातून ते दोघं दिसतात, बोलणं ऐकू येत नाही. पास्तरनाकच्या कादंबरीत ही मेणबत्ती गाभ्याची आहे. घसरगाडीतून जाणारा युरी कामेर्गेर्स्की गल्लीतली ती खिडकी बघतो, आत कोण आहे ते त्याला ठाऊक नसतं, पण त्याच्या मनात कवितेची पहिली ओळ जुळते. पुढे ती ‘हिवाळी रात्र’ कविता होते. लीन आणि यंग यांनी ती ओळ शब्दांत न आणता काचेवर उमटवली.

संगीताची गोष्ट याला जोडूनच येते. लीनला आधी एक रशियन लोकगीत हवं होतं, पण त्याच्या हक्कांचा गुंता सुटेना. मॉरिस जारनं एकामागून एक चाली दिल्या, लीनला कुठलीच पसंत पडेना. अखेर त्यानं जारला सांगितलं की रशिया डोक्यातून काढून टाक, मैत्रिणीला घेऊन डोंगरात जा आणि तिच्यासाठी प्रेमगीत कर. जार गेला आणि लाराची धून घेऊन परत आला. वॉल्ट्झच्या ठेक्यातली ही धून रशियन बालालायकांवर वाजायला हवी होती. लॉस एंजलिसमध्ये रशियन चर्चशी जोडलेले बालालायका वाजवणारे सापडले, पण त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं. जारनं त्यांच्याकडून धून तोंडपाठ करून घेतली. पुढे पॉल फ्रान्सिस वेब्स्टरनं तिला शब्द दिले आणि 1966 साली ती रेडिओवरून घरोघर पोचली. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी माणसांनी हा सिनेमा पाहिलेला नाही, पण ही धून ऐकली की ती ओळखीची वाटते.

त्या बालालायकाचा मूळ कादंबरीशी संबंध नाही. आईची आठवण म्हणून मुलाकडे आलेलं ते वाद्य बोल्ट आणि लीन यांची कल्पना. पण ती अचूक आहे. सिनेमात युरी कुठलीच चीज मागे ठेवत नाही. घर जातं, कुटुंब परदेशी जातं, कविता कागदावर राहतात. शेवटी धरणाच्या कठड्यावर त्याच्या मुलीच्या खांद्याला बालालायका लटकलेली असते. तिला कुणी शिकवलेलं नाही. भावाच्या हरवलेल्या मुलीचा शोध घेणारा येवग्राफ तिच्याकडे बघतो आणि त्याला जे शोधायचं होतं ते सापडतं. ते धरण स्पेन आणि पोर्तुगालच्या सरहद्दीवर, दुएरो नदीवरचं आल्देआदाविला.

*

प्रदर्शनाआधी लीनला संकलनाला फारच कमी वेळ मिळाला. न्यूयॉर्कच्या मोठ्या समीक्षकांनी सिनेमाला झोडपलं. गोष्ट फार गोड झाली, इतिहास पार्श्वभूमीत ढकलला गेला, असा त्यांचा सूर होता. लीन इतका दुखावला की आपण पुन्हा सिनेमा करू नये असं त्याला वाटलं. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. एमजीएमच्या इतिहासात त्या काळी ‘गॉन विथ द विंड’खालोखाल कमाई याच सिनेमाची झाली. तिकिटांच्या दरवाढीचा हिशेब धरला तर अमेरिकेत सर्वाधिक चाललेल्या पहिल्या दहा सिनेमांत तो आजही मोजला जातो. ऑस्करला दहा नामांकनं आणि पाच पारितोषिकं मिळाली. बोल्टची पटकथा, यंगचं छायालेखन, बॉक्स आणि सहकाऱ्यांचं कलादिग्दर्शन, फिलिस डाल्टनची वेशभूषा आणि जारचं संगीत. त्याच वर्षी ‘द साउंड ऑफ म्युझिक’लाही दहा नामांकनं आणि पाच पारितोषिकं, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं त्यालाच. ज्युली ख्रिस्तीला त्या वर्षी अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, पण ‘डार्लिंग’ या दुसऱ्या सिनेमासाठी. केसाळ टोप्या आणि पायघोळ कोट पॅरिसच्या फॅशनमध्ये शिरले.

समीक्षकांच्या म्हणण्यात तथ्य होतंच. पास्तरनाकचा झिवागो आधी कवी आहे, मग प्रियकर. कादंबरीचा सतरावा भाग म्हणजे त्याच्या पंचवीस कविता. ख्रिस्त, हॅम्लेट, मार्च महिना, ऑगस्टमधला स्वतःचा मृत्यू, मग्दालेना, शेवटी गेथ्सेमानीची बाग. कथानकातल्या प्रत्येक दुःखाचं तिथे दुसऱ्या कशाततरी रूपांतर होतं. सिनेमात युरी वारिकिनोच्या गारठलेल्या खोलीत बोटांवर फुंकर घालून लिहायला बसतो, बाहेर लांडगे ओरडतात, कागदावर लाराचं नाव उमटतं. पण त्यानं काय लिहिलं ते आपल्याला कधी ऐकायला मिळत नाही. पूर्ण सिनेमात त्याच्या कवितेची एकही ओळ नाही. कवीच्या सिनेमातून कविता वगळणं ही मोठी उणीव आहे, आणि ती जारच्या धुनेनं भरून येत नाही.

शेवटही बदलला. सिनेमात युरी ट्राममधून जाताना रस्त्यावर लाराला बघतो, धडपडत उतरतो, हाक मारायचा प्रयत्न करतो आणि हृदय बंद पडून कोसळतो. तिला काही कळत नाही, ती चालत राहते. हुंदका दाटून येतो खरा. कादंबरीत 1929च्या ऑगस्टात मरण असंच ट्रामजवळ येतं, पण त्या वेळी रस्त्यानं जाणारी स्त्री लारा नाही. ती एक वयस्क स्विस शिक्षिका आहे, फ्लुरी. युरीला ती ओळखू येत नाही आणि तीही पुढे निघून जाते. त्याआधीच्या वर्षांत तो मारिना नावाच्या साध्या मुलीबरोबर संसार करत असतो, त्यांना दोन मुली आहेत. हा थकलेला, खालावलेला झिवागो सिनेमानं वगळला. मग युरीचा देह ज्या खोलीत ठेवला जातो ती कामेर्गेर्स्की गल्लीतलीच, मेणबत्तीची तीच खोली, आणि लारा तिथे केवळ योगायोगानं येते. त्या खिडकीतली मेणबत्ती युरीनं रस्त्यावरून पाहिली होती हे तिला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. कादंबरीचा सगळा भार त्या एका योगायोगावर तोललेला आहे. लीननं मेणबत्तीचा पहिला अर्धा भाग अप्रतिम केला आणि दुसरा सोडून दिला.

मग सिनेमात कादंबरीतलं काय उरलं? पास्तरनाकवर सोव्हिएत संपादकांचा राग होता तो एका गोष्टीसाठी. झिवागो आपलं खासगी आयुष्य क्रांतीपेक्षा महत्त्वाचं मानतो आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. बोल्ट आणि लीन यांनी तेवढं मात्र हातचं सोडलं नाही. लाल आगगाडीतल्या डब्यात स्त्रेल्निकोव्ह, म्हणजे पूर्वीचा पाशा, युरीची चौकशी करतो आणि त्याला सुनावतो की रशियात आता खासगी आयुष्य उरलेलं नाही. युरी नम्रपणे उत्तरं देतो, पण मान डोलावत नाही. पुढे तो बटाटे लावतो, लाकडं फोडतो, प्रेम करतो, लिहितो. कडाक्याच्या थंडीत दोन माणसांनी एका खोलीत चूल पेटती ठेवणं, हीच त्याची लढाई. मोर्चाच्या दृश्यात चेहऱ्यावर कॅमेरा ठेवणारा दिग्दर्शक हे जाणत होता.

*

सोव्हिएत साहित्य मराठी घरांत पोचलं ते स्वस्त, सुबक पुस्तकांतून. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची मराठी भाषांतरं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून आणि प्रदर्शनांतून गावोगाव मिळत. तोलस्तोय, चेखव, गोर्की यांनी अनेक घरांतली कपाटं भरली. त्या कपाटांत झिवागो असणं शक्यच नव्हतं. ज्या मराठी रसिकांना त्या काळी तो भेटला, त्यांना बहुधा या सिनेमातूनच किंवा इंग्रजी भाषांतरातून भेटला. या सिनेमाचं ते ऋण मोठं आहे. बंद केलेलं पुस्तक जगापुढे उघडं राहिलं ते पुष्कळसं त्याच्यामुळे.

सत्तेवरून गेल्यावर सोव्हिएत नेता ख्रुश्चोव्हनं आठवणींत कबूल केलं की, आपण कादंबरी न वाचताच तिच्यावर बंदी घातली आणि ते चुकलं. 1988 साली, ज्या ‘नोव्ही मीर’नं ती नाकारली होती त्याच मासिकानं गोर्बाचोव्हच्या काळात ती क्रमशः छापली. 1989च्या डिसेंबरात पास्तरनाक यांचे पुत्र येवगेनी यांनी स्टॉकहोमला जाऊन वडिलांचं नोबेल पदक स्वीकारलं. लीनचा सिनेमा रशियात दाखवला गेला तो 1994 साली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ओल्गा इविन्स्काया मॉस्कोत वारली. रशियन मंडळींनी स्वतःचा ‘झिवागो’ केला तो 2006 साली, दूरदर्शन मालिका म्हणून. दिग्दर्शक अलेक्सांद्र प्रोश्किन, युरी ओलेग मेन्शिकोव्ह, लारा चुल्पान खामातोवा. तिथला बर्फ खरा होता.

ज्यांनी लीनचा सिनेमा अजून पाहिला नसेल त्यांनी तो शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर, मध्यंतर घेऊन, एका बैठकीत पाहावा. मोबाइलवर त्याचा हिवाळा अंगाला लागत नाही. आणि पाहून झाला की कादंबरीचा सतरावा भाग काढून त्यातली पंधरावी कविता वाचावी. तिथे ती मेणबत्ती अजून जळते आहे.